सातव्या भागातले पाय बाळारामचे होते

पनवेलच्या बाजारात मीठ विकायला बसणारी एक बाई आहे, मोरखारची. लोणच्यासाठी लागणारं खडेमीठ मी तिच्याकडूनच घेतो. त्या दिवशी तिने दोन मापं पिशवीत ओतली, तिसऱ्याला तिचा हात थांबला, आणि मापाकडे बघतच ती म्हणाली, ‘सायेब, तुमचा प्रहरी गेला. सोमवारी.’ मला क्षणभर कळलंच नाही, कोण ते. मग कळलं... बाळाराम. कावीळ झाली, आधी गावठी औषध केलं, मग पनवेलला दवाखान्यात आणलं, तोवर फार उशीर झाला होता, एवढं तिने सांगितलं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. मी पिशवी उचलून चालू लागलो. बसथांब्यापाशी आल्यावर लक्षात आलं, की त्या बाईने त्याचं नाव घेतलंच नव्हतं. मोरखारमध्ये ते कोणीच घेत नसे. त्याला सगळे ‘प्रहरी’ म्हणत, आणि हे नाव त्याला कौतुकाने मिळालेलं नव्हतं. फुशारकी मारताना पकडला गेलेला माणूस, असा त्याचा अर्थ होता. ते नाव कसं पडलं हे त्या गावाला ठाऊक आहे. पण गावाला जे ठाऊक आहे ते खोटं आहे, आणि ते खोटं माझ्या तोंडून बाहेर पडलेलं आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

त्याच्या महिनाभर आधीच तो माझ्याकडे येऊन गेला होता. दर वर्षी थंडी सरायच्या सुमाराला तो वालाच्या शेंगा घेऊन नवीन पनवेलला आमच्या घरी यायचा. पिशवी दारातच ठेवायचा, पाय धुवायला पाणी मागायचा आणि मग आत येऊन खुर्चीत न बसता भिंतीला टेकून खाली बसायचा. माझी बायको त्याला चहा द्यायची, तो दोन्ही मुलींची चौकशी करायचा, आणि उठताना ठरलेलं एक वाक्य म्हणायचा, ‘सायेब, चैतात जत्रा हाय. या साली या.’ मी म्हणायचो, येतो. दहा वर्षांत एकदाही गेलो नाही. या वेळीही ‘येतो’ म्हणालो. तो थकलेला दिसत होता, चहा अर्धा ठेवला होता, एवढं आठवतं. त्याचे डोळे पिवळे दिसत होते का, हे मी आता पुन्हा पुन्हा आठवून पाहतो. आठवत नाही. आयुष्यभर मी माणसांकडे बारकाईने बघण्याचीच नोकरी केली, आणि हे मात्र पाहिलं नाही.

ती नोकरी काय होती ते सांगायला हवं. मी दूरचित्रवाणीच्या मालिका काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत कंटिन्युइटी बघत असे. चित्रीकरण तुकड्यातुकड्यांत होतं. दार उघडताना नायकाच्या शर्टाचं वरचं बटण उघडं असेल, तर आत आल्यावरही ते उघडंच हवं, मग मधे चार दिवस का गेलेले असेनात. कुठल्या हातात छत्री, कुठल्या गालावर जखम, चहाचा कप भरलेला की रिकामा, हे सगळं शॉटगणिक कागदावर टिपून ठेवणारा माणूस म्हणजे मी. साधं काम, पण मला त्याचा अभिमान होता. दिग्दर्शक विसरायचा, नट विसरायचे, माझा कागद विसरत नसे. दहा-अकरा वर्षांपूर्वी आमच्या कंपनीला एक मोठी हिंदी मालिका मिळाली. ‘नील प्रहरी’ तिचं नाव. दिवसा हवामान खात्यात कारकुनी करणारा एक साधा इसम, प्रत्यक्षात सरकारचा गुप्तहेर, आणि निळा पोशाख चढवला की अचाट शक्तीचा पुरुष. डोक्यापासून हनुवटीपर्यंत निळा मुखवटा, डोळ्यांना दोन भोकं, पायात गुडघ्यापर्यंत निळे बूट. रविवारी सकाळी मालिका लागायची तेव्हा आमच्या सेक्टरमधल्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. मी नुकताच पनवेलला राहायला आलो होतो. शेजारचे लोक मला, मीच तो प्रहरी असल्यासारखा मान द्यायचे.

सातव्या भागाची गोष्ट अशी होती, की शत्रूचं जहाज खाडीच्या तोंडाशी चिखलात रुतलंय, त्यावर एक बिनतारी यंत्र आहे, आणि प्रहरी ओहोटीच्या चिखलावरून एकटा चालत जाऊन ते निकामी करतो. पाणी नाही म्हणून होडी नाही, जमीन नाही म्हणून गाडी नाही, फक्त तो. जागा मीच सुचवली होती. मोरखार हे खाडीकाठचं मिठागरांचं गाव. ओहोटी लागली की त्याच्यापुढे चिखलाचं एक भलंमोठं मैदान उघडं पडतं, सकाळच्या उन्हात शिसं ओतल्यासारखं चकाकतं. आमचा नायक असली कामं स्वतः करत नसे. त्यासाठी मुंबईहून एक डुप्लिकेट आणला होता, काचा फोडण्यात आणि घोड्यावरून पडण्यात तरबेज. तो बूट घालून चिखलात उतरला आणि सहाव्या पावलाला कमरेपर्यंत गेला. दोर टाकून काढावा लागला. दोन बुटांपैकी एक खाडीने ठेवून घेतला. बांधावर जमलेलं सगळं गाव हसत होतं.

त्यांच्यात एक तरुण डोक्यावर मिठाची पाटी घेऊन उभा होता. तो हसत नव्हता. पाटी खाली ठेवून तो माझ्याजवळ आला, कारण तिथे मराठी बोलणारा मीच दिसत होतो. ‘सायेब, त्याला सांगा, टाच नाय टेकायची. टाच टेकली का चिकल धरतो.’ आणि मी काही म्हणायच्या आत तो उतरला, शंभर पावलं गेला, वळला आणि परत आला. घोट्याच्या वर त्याला चिखल लागलेला नव्हता. पाय उचलत नव्हता, सरकवत होता. बोटं थोडी बाहेर वळलेली, गुडघे सैल, कमरेपासून वरचं अंग अगदी स्थिर, डोक्यावर अजून पाटी असल्यासारखं. मी विचारलं, कुठे शिकलास? त्याला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, की मिठाचा हंगाम सुरू होण्याआधी वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची असते, बायकापुरुष रांगा धरून दिवसच्या दिवस तुडवतात, आणि तो चालायला लागला तेव्हापासून त्या रांगेत आहे. तो बाळाराम.

दिग्दर्शकाने दुसऱ्या दिवशी त्यालाच पोशाख चढवला. गर्दी नको म्हणून जागा बदलली; खाडीपलीकडे ओसाड पडलेली काही मिठागरं होती, तिथे आमच्याच होडीतून त्याला पहाटेच्या ओहोटीला नेलं. गावातलं कोणी बरोबर नव्हतं. कोणाला सांगायचं नाही, असं त्याला बजावलं होतं; घरी त्याने वायरी उचलायला जातो असं सांगितलं. अडचण आली ती बुटांची. बूट घालून त्या चिखलात चालणं त्यालाही शक्य नव्हतं, आणि आधीच्या सहा भागांत प्रहरी अनवाणी कधी दिसलेला नव्हता. कंटिन्युइटी माझी. मीच तोडगा काढला. निळ्या रंगाचा डबा मागवला आणि त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत रंगवले, बोटांच्या बेचक्यांसकट. मी खाली बसून रंगवत होतो आणि तो वरून मुखवट्याच्या भोकांतून बघत होता. म्हणाला, ‘सायेब, माज्या लग्नात बी कोनी येवढी हलद लावायचं नाय.’ त्याचं लग्न व्हायचं होतं अजून.

चार तासांत सतरा शॉट झाले. ज्यांनी तो भाग पाहिला असेल त्यांना ते चालणं आठवत असेल. मागे उगवता सूर्य, चिखलावर लांब सावली, आणि तो निळा पुरुष घाई न करता, पाय न उचलता, जणू जमिनीने त्याला हातावर घेतलंय असा येतोय. त्या एका चालीने मालिकेचं नशीब बदललं. पुढच्या आठवड्यात आमच्या गल्लीतली झाडून सगळी मुलं टाचा न टेकता चालत होती. दिग्दर्शकाने आमच्या नायकाला ते शॉट दहा दहा वेळा दाखवून तीच चाल शिकवण्याचा प्रयत्न केला. त्याला जमली नाही. बर्फावर घसरणाऱ्या माणसासारखा दिसायचा. त्या चित्रीकरणाच्या दिवशी काम संपल्यावर बाळारामने मुखवटा काढला तेव्हा त्याच्या तोंडावर घामाचं पाणी झालं होतं. भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील आम्ही दोघांनी बांधावर बसून खाल्ला. त्याने विचारलं, ‘नाव येल का माजं?’ मी सांगितलं, नाही, डुप्लिकेटचं नाव येत नाही. त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘तुमच्या त्या कागदावर?’ मी कागद त्याच्यापुढे धरला आणि त्याच्यादेखत लिहिलं: शॉट चौदा ते तीस, मुखवट्यात बाळाराम, पाय रंगवलेले. त्याला फारसं वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव ओळखता येत होतं. त्याच्यावर त्याने बोट ठेवलं, अलगद, शाई पुसली जाऊ नये म्हणून. रॉकेलने घासूनही त्याच्या नखांच्या कडांचा निळा रंग महिनाभर गेला नव्हता, असं तो नंतर हसून सांगायचा.

भाग लागला त्या रविवारी त्याने मला आणि माझ्या बायकोला मोरखारला बोलावलं. सरपंचांच्या अंगणात टीव्ही मांडला होता, सगळं गाव खाली बसलेलं. चिखलावरची ती निळी आकृती दिसायला लागली आणि सगळे चिडीचूप झाले. बाळारामची आई, चांगुणाबाई, पुढेच बसली होती. ती एकदम म्हणाली, ‘ये बालाचे पाय हाईत.’ लोक हसले. ती हसली नाही. म्हणाली, मी त्याला चालायला शिकवलंय, मना ठावं नसंल का? मग सगळ्यांनी बाळारामकडे पाहिलं, आणि बाळारामने माझ्याकडे. मी हसलो. बोललो काहीच नाही, पण हसलो, आणि ते सगळ्यांनी हो म्हणून घेतलं. त्या हसण्यावर त्या गावाने पुढचं सगळं उभं केलं. चैत्रात गावदेवीच्या जत्रेत बाळारामचा सत्कार करायचं ठरलं, शाल आणि नारळ देऊन, आणि तो माझ्या हस्ते.

मधल्या काळात मुंबईत वेगळंच चाललं होतं. आमच्या नायकाने मासिकांना मुलाखती द्यायला सुरुवात केली होती. त्या चालीसाठी आपण तीन महिने सराव केला, पहाटे उठून चिखलात गेलो, असं तो सांगत होता. छापून येत होतं, लोक भारावून जात होते. निर्मात्यांनी आम्हा सगळ्यांना एका खोलीत बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, की मालिका त्या चेहऱ्यावर चालते, आणि त्या चेहऱ्याला खोटं पाडणारं एक अक्षर बाहेर गेलं तर ते ज्याच्याकडून गेलं तो दुसऱ्या दिवसापासून घरी बसेल. माझ्याकडे बघून म्हणाले असं नाही. पण पनवेलला राहणारा मी एकटाच होतो. माझं वय तेव्हा छप्पन्न-सत्तावन्न, दोन मुलींची लग्नं व्हायची होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. भीती होती, एवढंच नोंदवतो.

जत्रेच्या दिवशी जावं की न जावं, असा विचार मी सकाळपर्यंत करत होतो. न गेलो असतो तर बरं झालं असतं. देवळापुढे मांडव, लाउडस्पीकर, खुर्च्यांवर पंच मंडळी. बाळाराम पांढऱ्या सदऱ्यात, भांग पाडून बसलेला. त्याचं लग्न ठरलं होतं. मुलीकडची माणसंही आली होती. पुढच्या रांगेत एकजण वही आणि कॅमेरा घेऊन बसला होता. तो पनवेलच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर आहे, असं सरपंच मला कौतुकाने म्हणाले, उद्या सगळीकडे छापून येईल. निर्मात्यांचं ते ‘एक अक्षर’ मला आठवलं. शाल हातात देऊन त्यांनी मला दोन शब्द बोलायची विनंती केली. ती केवळ रीत होती. तिथे कोणालाही शंका नव्हती, कोणी पुरावा मागितला नव्हता. मी ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, मोरखारच्या मंडळींनी आम्हाला फार सहकार्य केलं. बाळारामसारख्या कष्टाळू तरुणांनी सामान उचललं, होड्या ओढल्या. अशा अनामिक हातांमुळेच आमच्या नायकाला ती अवघड भूमिका करता आली...

मांडवात कुजबुज सुरू झाली. सरपंच साधा माणूस. त्यांना वाटलं माझ्या बोलण्यात घोटाळा झालाय. ते जागेवरूनच म्हणाले, ‘म्हंजे सायेब, तो मुखवट्यातला बालाराम नाय?’

मी म्हणालो, ‘नाही.’

‘मंग त्याच्या पायाला तो नीला रंग व्हता तो?’

‘तो रंग कालवायच्या कामाला होता.’

या दोन वाक्यांवर मी दहा वर्षं झोपलो-उठलो आहे. पहिलं एक वेळ भीतीने निघालं असं म्हणता येईल. दुसरं मला कोणी शिकवलं नव्हतं. बारीकसारीक तपशील जुळवून ठेवायची माझी सवय, ती तिथे कामाला आली. मी बाळारामकडे बघायचं टाळत होतो, पण त्याचा आवाज आला. तो उभा राहिला होता आणि हसत होता. म्हणाला, ‘मी गंमत केली. सायेब बोलतात तसंच हाय.’ तो मला खोटं ठरवू शकत होता. तीनशे माणसं समोर होती, निम्मी त्याच्या नात्यातली. त्याने स्वतःला खोटं ठरवलं. मांडवात कोणीतरी शिट्टी घातली, कोणीतरी ओरडलं, ‘बस रे प्रहरी.’ तेव्हापासून ते नाव. माझ्या हातातली शाल तशीच होती. सत्काराची शाल परत पेटीत कशी ठेवायची, म्हणून सरपंचांनी ती माझ्या हातातून घेतली आणि माझ्याच खांद्यावर घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वार्ताहराने फोटो काढला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, शाल तुम्हाला कशी? मी सांगितलं.  ती शाल तिने कपाटात ठेवली नाही, दुसऱ्या दिवशीपासून इस्त्री करताना टेबलावर अंथरायला घेतली.

मला वाटलं बाळाराम आता तोंड दाखवणार नाही. पुढच्या थंडीत तो शेंगा घेऊन दारात उभा. लग्न झालं होतं. मुलीकडचे लोक जरा कुरकुरले, पण मुलगीच ठाम राहिली. मिठागराची जमीन संपादनात गेली तेव्हा तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल उतरवायच्या कामाला लागला. तिथेही मोरखारची पोरं होती, तिथेही तो प्रहरी. ट्रकवरून उडी मारायला सांगत, चिखलात चालून दाखव म्हणत. तो दाखवायचा. एकदाच, त्या प्रसंगाला दोन वर्षं झाली असतील, मी त्याच्यासमोर तो विषय काढायचा प्रयत्न केला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, ‘कागदावर हाय ना सायेब? मंग झालं.’ त्याच्या लेखी कुठेतरी एका कपाटात तो कागद होता, त्याच्यावर त्याचं नाव होतं, आणि जगाला ठाऊक नसलं तरी ते खरं होतं. मी मान हलवली. त्याच वर्षी आमची कंपनी बंद पडली होती. कागदांचे गठ्ठे रद्दीत जाताना मी तिथे उभा होतो. तो एक कागद ओढून घ्यायला मला एक मिनिटही लागलं नसतं. का नाही घेतला? घरी आणला असता तर तो बघावा लागला असता, म्हणून. तो कागद राहिलेला नाही हे मी बाळारामला कधीच सांगितलं नाही.

कंपनी नाही, निर्माते दुसऱ्या धंद्यात, आमचा तो नायक परदेशी निघून गेलेला, मुलींची लग्नं झालेली. गेली सात-आठ वर्षं मला कोणाचीही भीती नव्हती. मला खरं बोलण्यापासून अडवणारं या जगात कोणी उरलं नव्हतं. तरी बोललो नाही. लोक म्हणतात भीतीने माणूस खोटं बोलतो. भीती गेल्यावरही तो बोलतच राहतो, ते कशाने, हे मला अजून सांगता येत नाही.

बातमी कळल्यावर सहाव्या दिवशी मी मोरखारला गेलो. ओटीवर बसलो, चार शब्द बोललो आणि उठून आलो. तेरावं झाल्यावर पुन्हा गेलो. या वेळी ठरवून. बाळारामची बायको सुमन चुलीपाशी होती. तिला मी सगळं सांगितलं, कसंबसं, खाली बघून. ती धान्य पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘मना ठावं हाय काका. लगीन झालं त्याच सांजला सांगितला त्यांनी. मी म्हनलं, आयला तरी सांगा. तर म्हनत, माजं कोन ऐकल? सायेबांनी सांगाया पायजे. येतील ते जत्रेला, सांगतील.’ मग तिने सूप खाली ठेवलं. दर साल चैत्रात सासू देवीपुढे नारळ ठेवते आणि गाऱ्हाणं घालते, ती सांगू लागली: माझ्या पोराच्या तोंडाला खोटं आलं, तुझ्या मांडवात आलं, ते पोटात घाल. दर साल. आणि बाळाराम शेजारी हात जोडून उभा असायचा, ते ऐकत. 

दर वर्षी तो मला जत्रेला का बोलवायचा, ते मला तिच्या त्या चुलीपाशी कळलं. मी समजत होतो, तो सारं विसरला आहे...

चांगुणाबाई मागच्या दारी बसली होती. आता ती सत्तरीपुढची, पाठ वाकलेली, पण कान शाबूत. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. 

‘पाय त्याचेच?’ तिने विचारलं.

‘त्याचेच, आई. मीच रंगवले होते.’

‘म्हंजे माज्या डोल्यांना दिसलं ते खरं व्हतं.’

‘हो.’

‘मी माजे डोले खोटे धरले. तू शिकलेला म्हनून.’ ती रागावलेली नव्हती. तिला खरोखरच काहीतरी समजून घ्यायचं होतं. ‘मंग धा वर्सां मी देवीला काय सांगत व्हते रं?’

 तिने उत्तराची वाट पाहिली नाही. भिंतीला धरून उठली, सुनेला नारळ आणायला सांगितला आणि चालू लागली. मी मागून गेलो. देऊळ जवळच आहे. आता त्याला नवीन फरशी बसवली आहे. दुपारची वेळ, पायऱ्यांवर दोन-तीन बायका बसल्या होत्या. चांगुणाबाईने नारळ देवीपुढे ठेवला, पण हात जोडले नाहीत. बाजूला सरकली आणि मला म्हणाली, ‘मी बोलून भागायचं नाय. मी धा येला खोटं बोलले तिच्याशी. आता तू बोल.’ मी हात जोडले आणि पुटपुटलो. ‘तिला काय कललं ते?’ ती म्हणाली. ‘माज्यायेवढी म्हातारी हाय ती. मोट्यानं बोल.’ मी पुन्हा बोललो. नाव घेऊन बोललो, बाळारामचं आणि माझं. पायऱ्यांवरच्या बायकांनी माना वळवल्या.  बोलून झाल्यावर वळलो तर ती देवीकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. त्या बायकांना मोजत असल्यासारखी बघत होती.

‘तीन बाया,’ ती म्हणाली. ‘तवा मांडव भरला व्हता. जत्रेला ये, आन मांडवात बोल.’

मी हो म्हणालो. तिने माफ केलं का, हे मी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. जत्रा बारा दिवसांवर आहे. हे छापून आलं, तर ते पान मोरखारच्या किती घरांत जाईल ठाऊक नाही, बहुतेक एकाही नाही. पण ज्यांनी तो सातवा भाग पाहिला आणि त्या चालीचं कौतुक दुसऱ्याच माणसाच्या नावावर टाकलं, त्यांनी ते आता परत घ्यावं. मांडवात कागद न्यायचा नाही असं ठरवलं आहे. कागदावर लिहून ठेवायची माझी सवय कोणाच्याही कामी आलेली नाही. म्हणून गेले आठ दिवस पुढच्या खोलीत उभा राहून मी ते एकच वाक्य, ‘सातव्या भागातले पाय बाळारामचे होते’, मोठ्याने म्हणून पाहतो, सकाळी चहानंतर आणि पुन्हा संध्याकाळी. बायको स्वयंपाकघरात असते. मी म्हणून झालं की थांबतो. ती आतून सांगते, ‘इथवर नाही आलं.’ मग मी पुन्हा सुरुवात करतो.